व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. घरगुती धंद्याचा फोन, पैसे आणि हिशोब तुम्ही कसे सांभाळता?

मसालेवाली, सातारा

नमस्कार मंडळी. आमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. मी, माझी जाऊ आणि कामाला तीन बायका. कांदा-लसूण चटणी बारा महिने, उन्हाळ्यात वर्षाचे मसाले करून देतो. दुकान नाही, जवळजवळ सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात.

गेल्या मंगळवारी दुपारी बचत गटातल्या एका ताईंच्या नंबरवरून मेसेज आला, "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्या फोनवर गेलाय, पाठव ना." मिरची कांडपाला टाकली होती, घाई होती. मी पाठवला. पाच मिनिटांत माझं व्हॉट्सअ‍ॅप बंद, आणि माझ्या नावाने माझ्याच गिऱ्हाइकांना मेसेज सुरू: मुलगा दवाखान्यात आहे, पाच हजार पाठवा, संध्याकाळी परत करते. तिघींनी पाठवले. त्यात पुण्याच्या एक आजी आहेत, आठ वर्षांपासून आमच्याकडून मसाला नेतात.

भाच्याने व्हॉट्सअ‍ॅप परत मिळवून दिलं. पण आता प्रत्येक मेसेजची भीती वाटते. काय काय करून ठेवायचं, नीट सांगाल का? महिन्याला पाचशे रुपयांपर्यंत खर्च करू शकते. कोणी म्हणतं अँटीव्हायरस घ्या, कोणी म्हणतं दुसरा फोन घ्या.

दुरुस्तीवाला, इचलकरंजी

ताई, खर्चाचं नंतर बघू. आधी फुकटातली दोन कामं आजच करा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तिथे सहा आकडी पिन लावा आणि ईमेलही द्या. हा पिन लावलेला असता तर नुसत्या एसएमएसच्या कोडवर त्या माणसाला आत शिरता आलं नसतं. जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवू नका.

मग 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. तुमच्या ओळखीचा नसलेला संगणक किंवा ब्राउझर दिसला तर तिथूनच लॉगआउट करा. बऱ्याच जणांचं इथे राहून जातं. सोबत फोनच्या कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठल्या नंबरवर चालू नाही ना तेही बघा, कारण कोड फोन करूनही सांगितला जातो.

बाकीच्यांसाठीही लिहितो. असं झालं तर घाबरून नंबर बंद करू नका. त्याच नंबरने व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसने आलेला कोड टाकला की चोर तिथल्या तिथे बाहेर पडतो. त्याने मध्ये स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही.

निवृत्त बँकवाला

ताई, तुम्ही १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केलात का? आणि त्या तिघींनी? ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांनी स्वतः तक्रार करायला हवी, तुमची एकटीची पुरणार नाही. १९३० नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. हाताशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), वेळ, रक्कम आणि पैसे ज्या यूपीआय आयडीवर गेले तो आयडी ठेवा. तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत फिरले तिथे ते अडवायचा प्रयत्न होतो. पहिले काही तास फार मोलाचे. उशीर झाला असला तरी तक्रार कराच, आणि मिळालेला पोचक्रमांक जपून ठेवा.

आता मला जे तळमळीने सांगायचंय ते. धंद्याचं खातं वेगळं काढा. तुमच्या क्यूआरला जोडलेलं खातं, घरखर्चाचं खातं आणि साठवणीचं खातं एकच असेल तर हे आधी बदला.

कारण फक्त चोरी हे नाही. समजा एखाद्या भामट्याने कुणाला फसवून पैसे मिळवले आणि त्यातल्याच दोन हजारांचा मसाला तुमच्याकडून घेतला. तुम्ही माल दिला, पैसे घेतले, तुमचा काही दोष नाही. पण ज्याचे पैसे गेले त्याने तक्रार केली की पोलिसांचा माग खात्यामागून खात्यावर सरकत तुमच्यापर्यंत येतो. मग कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी पूर्ण खातं गोठतं. मी काउंटरवर असताना चहावाले आणि मोबाइल रिचार्जवाले रडकुंडीला येऊन उभे राहिलेले पाहिलेत. मुलाची फी त्याच खात्यात, कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून.

म्हणून क्यूआरचं खातं निराळं, आणि त्यात पैसे साठू द्यायचे नाहीत. दोन-तीन दिवसांनी गरजेपुरते ठेवून बाकीचे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळते करायचे. प्रत्येक ऑर्डरची पावती ठेवा, साध्या वहीत कार्बन लावून केलेली चालेल. नाव, तारीख, माल, रक्कम. कुरिअरची चिठ्ठी तिलाच टाचा. खातं अडकलंच तर बँकेकडून लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक काय, कुठल्या राज्याच्या कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे, किती रकमेबद्दल आहे. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने पावती आणि चॅट पाठवून फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करावं अशी विनंती करा. पावती नसलेला माणूस इथेच हतबल होतो.

हापूसवाला, देवगड

काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. आंब्याच्या हंगामातला माझा अनुभव सांगतो, कारण मसालेवाल्यांनाही हे फोन येतात.

"लष्करातून बोलतोय, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात." पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, ओळखपत्राचा आणि कँटीन कार्डचा फोटोही पाठवतो. भावावर घासाघीस अजिबात करत नाही, आणि मला तिथेच खटकायला हवं होतं. मग म्हणतो, "आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे, मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील." मी पिन टाकला आणि अकरा हजार गेले. आधी मला एक रुपया पाठवायला लावून त्याने दोन परत केले होते, त्यामुळे विश्वास बसला.

ताई, जावेला आणि कामाच्या बायकांनाही पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे चालले.

काउंटरमागून, नाशिक

हार्डवेअरचं दुकान आहे माझं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका, हुबेहूब खोट्या पावत्या दाखवणारी अ‍ॅप्स फिरताहेत. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसलं, तरच माल द्यायचा.

प्रदर्शनात, जत्रेत स्टॉल लावत असाल तर सकाळी आपलाच क्यूआर दुसऱ्या फोनने स्कॅन करून नाव बघा. वरून दुसराच स्टिकर चिकटवण्याचे प्रकार होतात.

मसालेवाली, सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पिन लावला. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये खरंच एक अनोळखी संगणक होता, काढला. तिघींशी बोलले, दोघींनी १९३० ला तक्रार केली होती, आजींची मी काल जवळ बसून करून दिली.

दोन प्रश्न. माझा फोन संध्याकाळी मुलगा गेमसाठी घेतो, आणि काल त्यावर "लग्नाची पत्रिका" म्हणून एक फाइल आली, ती एपीके होती. उघडली नाही. आणि हिशोब जुन्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये आहे, त्याचं काय?

दुरुस्तीवाला, इचलकरंजी

फार चांगलं केलंत. एपीके म्हणजे अ‍ॅप, पत्रिका नव्हे. कधी पत्रिका म्हणून येतं, कधी वाहनाच्या दंडाचं चलन म्हणून, कधी बँकेची केवायसी म्हणून. एकदा बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी तिकडे जातात. चुकून टाकलंच तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग फोन फॅक्टरी रीसेट.

मुलाला कपाटातला जुना फोन द्या, सिमकार्ड न घालता.

काउंटरमागून, नाशिक

मी तर उलट केलंय. जुना फोन धंद्याला ठेवलाय, चांगला घरी.

दुरुस्तीवाला, इचलकरंजी

दादा, तसं नका करू. ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणं बंद झालंय त्यावर बँकेचं अ‍ॅप नको. लॅपटॉपचंही तेच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉपवर ११ चढत असेल तर ताईंनी चढवून घ्यावं. त्यातला डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, तुमच्या कामाला पुरतो, वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. चोरीची सॉफ्टवेअर तेवढी टाकू नका, माझ्याकडे येणारे सगळ्यात वाईट लॅपटॉप त्यातूनच बिघडलेले असतात.

कर सल्लागाराच्या कचेरीतून

हिशोबाचं मी सांगते. एक्सेलची एक प्रत इंटरनेटवरच्या गूगल ड्राइव्हवर, आणि दर शनिवारी एक पेनड्राइव्हवर. नक्कल झाली की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवायचा. तो लॅपटॉपलाच खोचलेला राहिला तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्यालाही सोडत नाही.

अजून एक, आमच्याच धंद्यातलं असलं तरी सांगते. जीएसटी, उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी), अन्न परवाना यांच्या नोंदणीत मोबाइल आणि ईमेल कुणाचा दिलाय ते बघा. पुष्कळदा सल्लागार स्वतःचाच टाकतो. मग सल्लागार बदलला की तुमच्याच नोंदणीचा ओटीपी तुम्हाला मिळत नाही. ईमेल तुमचा असू द्या आणि त्याला टू-स्टेप लावा, कारण सगळे पासवर्ड बदलायची वाट तिथूनच जाते.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. शोधल्यावर वर जाहिराती येतात, तिथे दीड-दोन हजार मागतात. तिथे पैसे भरू नका. बँकेचं संकेतस्थळही आता पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' पाहूनच उघडा.

मसालेवाली, सातारा

टॅक्सवाल्या ताई, उद्यमच्या नोंदणीत खरंच मध्यस्थाचा नंबर आहे. बदलून घेते.

खातं उद्या उघडणार. राहिलं एकच: गिऱ्हाइकांना काय कळवू? कळवलं तर लोक बिचकतील असं जाऊ म्हणते.

निवृत्त बँकवाला

कळवा ताई, आणि लवकर. त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवं. एवढं पुरे:

"मंगळवारी आमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दुसऱ्याच्या हातात गेला होता. त्या दिवशी पैसे मागणारे मेसेज आमचे नव्हते. नंबर आता आमच्याकडे आहे. आम्ही फक्त ऑर्डरचे पैसे घेतो, उसने कधी मागत नाही. पैसे भरताना खात्याचं नाव बघा, वेगळं दिसलं तर थांबा आणि आम्हाला साधा फोन करा. कुणाचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला तक्रार करा, लागेल ती मदत आम्ही करू."

ब्रॉडकास्टने पाठवा, आणि ज्यांना व्हॉट्सअ‍ॅप नीट जमत नाही त्यांना फोन करा.

मसालेवाली, सातारा

पाठवला काका. वयस्कर गिऱ्हाइकांची यादी काढली, सत्तावीस जणी आहेत. मी आणि जाऊ निम्म्या-निम्म्या वाटून घेतोय.