डेंग्यू आणि गणित, सोसायटीत वाद लागलाय

कृष्णाकाठ: सांगलीत विश्रामबागला आमच्या सोसायटीत दोन डेंग्यू निघाले. चेअरमन म्हणतात वर्गणी काढून धूर मारून घेऊ. पुतणी स्टॅटिस्टिक्सला आहे, ती म्हणते थांबा, आधी हिशोब मांडू की धुरानं किती फरक पडतो आणि साठलेलं पाणी ओतून टाकून किती. मला काय ते पटंना. कोरोनात २०२१ ला मॉडेलवाले, म्हणजे गणितानं साथीचा अंदाज बांधणारे, एप्रिलच्या मध्यात लाटेचं शिखर म्हणत होते आणि मे उजाडला तरी देशातल्या नव्या रुग्णांचा आकडा चढतोयच, दिवसाला ४ लाखाच्या वर गेला. असल्या गणितावर पैसे कुठं घालायचे ते ठरवायचं व्हय?

आयर्विन४५: भावा, कोयनेतनं पाणी सोडलं की तू पण आयर्विन पुलाला पाणी किती फूट येणार तेच बघतोस की. दोन फुटानं चुकलं तरी फ्रीज वर चढवायचा का नाही एवढं कळतं. फक्त नदी बातम्या बघून वागणं बदलत नाही, माणसं बदलतात, मग आकडा हलतो. पण २०२१ ला कमी धरलेलं ती चूकच, ते झाकायला नको.

मिरज_लॅबवाला: रोनाल्ड रॉसनं १८९७ ला सिकंदराबादला डासात मलेरियाचा जंतू शोधला, नंतर त्यानंच गणितानं दाखवलं की सगळे डास मारायची गरज नाही, एका मर्यादेखाली आणले की रोग टिकत नाही. १९२७ चं करमॅक-मॅकेंड्रिकचं मॉडेल, म्हणजे साथ कशी चढते-उतरते त्याचं गणित, कोरोनातली कित्येक मॉडेल्स त्याच्याच वळणाची, ते तर मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंवर लावून बघितलेलं.
तुमच्या कामाचं एवढंच, अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस. धूर फक्त उडणारे मारतो, पिंपातल्या अळ्या तशाच, चार दिवसात नवीन डास तयार. म्हणून आठवड्यातनं एकदा कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. आणि पिंप नुसतं ओतू नका, घासा, अंडी काठाला चिकटून वाळली तरी महिनोन्महिने जगतात.

कृष्णाकाठ: काल पुतणीबरोबर फिरलो. १८ घरं बघितली, ७ घरांत अळ्या, त्यातलं एक आमचंच, मनीप्लँटची बाटली 🤦 बायको बोलंना. ३ घरं बंद आहेत, मालक पुण्याला, पुतणी म्हणते हिशोबात तीच नडणार. किल्ली कुणाकडं मागायची आता?