दोन लाखांचं बक्षीस आणि 39 रुपयांचा चेंडू

(लातूर, कॉलनीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-104: पोरं म्हणायलेत, कॉलनीची टेनिस बॉल लीग करायची तर पहिलं बक्षीस 2 लाख ठेवा, नाव होईल. 8 संघ, प्रत्येकी 25,000 फी. हिशेब बसतोय की हो.

खजिनदार: कुठं बसतोय? 8 × 25,000 म्हणजे 2 लाख, ते अख्खे बक्षिसातच गेले. अंपायर, मैदान, मांडव कुणाच्या खिशातून? दुसरं म्हणजे, फीचंच बक्षीस केलं की संघाचा मालक 25,000 "लावतो", जुगारासारखे. मग तो दोन पाहुणे खेळाडू घुसवणार, आणि एका रनआउटवर तासभर सामना बंद. फीतून मैदानाचा खर्च काढायचा. बक्षीस प्रायोजकाच्या पैशातून, तेही खात्यावर जमा झालेल्याच.

बी-104: आयपीएलमध्ये चालतं ना.

सी-301: तिथं पैसा प्रक्षेपणातून येतो, भाऊ. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटींना गेले, 410 सामने धरून. म्हणजे सामन्याला 118 कोटी, चेंडूला साधारण 49 लाख. यातला वाटा सगळ्या संघांना मिळतो, म्हणून एकही तिकीट विकायच्या आधी मालकाचा बराच खर्च निघालेला असतो. 2025 च्या हंगामासाठी संघाला खेळाडूंवर खर्च करायला 120 कोटींची मर्यादा होती, त्यातले 27 कोटी एकट्या ऋषभ पंतवर गेले. ते परवडतं, कारण मागं टीव्ही आणि मोबाइल आहे. आपल्या मागं यूट्यूब लाइव्ह आणि गच्चीवरची माणसं.

ए-402: खजिनदार, आकडे टाका ना.

खजिनदार: 8 संघांचे दोन गट, 12 साखळी सामने, 2 उपांत्य, 1 अंतिम. एकूण 15. डावाला 8 षटकं, सामना सव्वा तासाचा, रोज 5, तीन दिवस.
दोन अंपायर, प्रत्येकी सामन्याला 300: 9,000
स्कोअरर: 3,000
मैदान भाडं: 9,000
मुरूम, रोलर: 6,000
टँकर रोज एक: 2,400
फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी): 600
मांडव, स्पीकर: 12,000
पाण्याचे जार: 1,800
हेवी टेनिस बॉल 36 (डावाला एक, 6 हरवायला), 85 चा एक: 3,060
ट्रॉफी: 8,000
प्रथमोपचार: 1,000
बेरीज 55,860. फी 7,000 ठेवली तर 56,000 येतात. उरतात 140.

सी-301: एकूण 1,440 चेंडू. म्हणजे आपला चेंडू 39 रुपयांना 😄

डी-203: जर्सी कुठाय यात?

खजिनदार: मुद्दाम धरली नाही. 96 जर्सी, 280 ची एक, 26,880 होतात. हा खर्च छातीवरच्या जाहिरातीचा. प्रत्येक संघानं आपापला जाहिरातदार आणायचा, 3,500 ला. 12 जर्सींचे 3,360 जाऊन 140 छपाईतल्या चुकांना. सीमारेषेवरचा 10 × 3 फुटांचा फलक 1,500 ला द्यायचा, फ्लेक्सला 12 रुपये चौरस फुटानं 360 लागतात. असे 20 गेले तर 22,800 उरतात. बक्षिसाला हे पैसे, दोन लाख नाहीत.

ए-402: एकच मोठा जाहिरातदार धरला तर? फोन कमी करावे लागतील.

सी-301: ते करू नका. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानं बंदी आली आणि तसलेच गेम चालवणाऱ्या ड्रीम11 नं भारतीय संघाच्या जर्सीचं प्रायोजकत्व सोडलं. सप्टेंबरमधला आशिया चषक आपला संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. बीसीसीआयनं पुढं अपोलो टायर्सशी करार केला. त्यांना दुसरा मिळतो, आपल्याला गुरुवारी नाही म्हटलं तर शनिवारी कुठून मिळणार? आणि जाहीर केलेलं बक्षीस मंचावर न मिळणं हे तर आपल्याकडं नवीन नाही. पैसे आधी, फलक नंतर.

डी-203: खेळाडूंचा लिलाव पैशानं नको, गुणांनी करा. प्रत्येक मालकाला 1,000 गुण, 12 खेळाडू, पायाभूत किंमत 20. कमाल बोली = उरलेले गुण वजा (उरलेल्या जागा वजा एक) × 20. सुरुवातीला 1,000 वजा 220, म्हणजे 780. हे कागदावर लावून ठेवलं नाही तर पहिल्या तीन खेळाडूंवर सगळे गुण उडतात आणि शेवटच्या चार जागांना गुणच उरत नाहीत. मग "जाऊ द्या, फुकट घ्या" सुरू होतं. एकाला सवलत दिली की दुसरा मालक रुसतो.

ए-305 (सीए): दोन गोष्टी. सिंकिंग फंडातून (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला निधी) एक रुपयाही नको, दुरुस्ती निधीतूनही नको. सभासदांची वर्गणी परस्परतेत बसते, म्हणजे आपलेच पैसे आपल्यासाठी, ते उत्पन्न धरत नाहीत, पण बाहेरच्या जाहिरातदाराचे पैसे बसत नाहीत. ते सोसायटीच्या खात्यावर घेतले तर उत्पन्न दाखवावं लागेल. दुसरं, अंपायरला रोख दिलेल्या प्रत्येक रकमेचं व्हाउचर, 5,000 च्या वर गेलं तर रेव्हेन्यू तिकीट लावून सही. सामन्याच्या तिकीट विक्रीचा विचार सोडा. 20 रुपयांचं तिकीट फाडायला दोन माणसं बसवावी लागतात.

सी-102 (काकू): पुरुषांचं ठरलं. मुलींचं? आपल्या शेजारच्या धाराशिवमधल्या सारिका काळेला 2020 मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच मैदानावर एक दिवस द्या. 27 × 16 मीटर आखायचं, दोन खांब, फक्की. चेंडूचा खर्च नाही, खेळपट्टीची कटकट नाही. मुरमावर मात्र नको, गुडघे सोलतात. मऊ माती चाळून टाका, खडे वेचा.

खजिनदार: काकू, माती दोन ट्रॉली लागेल. ती क्रिकेटच्या मुरमाआधी येऊ नये, नाहीतर रोलर फिरताना दोन्ही एक होतात. खो-खो चौथ्या दिवशी ठेवू.

बी-104: मग बक्षीस किती लिहायचं पत्रिकेवर?

खजिनदार: "पहिलं पारितोषिक" एवढंच छापा. रक्कम 20 वा फलक गेल्यावर हातानं लिहू.

डी-203: आणि टँकर सकाळी सहाला. उन्हात पाणी मारलं तर वरचा थर पापडासारखा सुटतो आणि चेंडू एक घोट्याला, एक छातीला येतो. टँकरवाल्याला आजच सांगा, फेब्रुवारीत ते विहिरीवर रांगेत असतात.

बी-104: सांगतो. फीतून उरलेल्या त्या 140 चं काय करायचं?

खजिनदार: फक्कीची अजून एक गोणी.