टीएसएच उतरून पुन्हा चढला, अँटीबॉडी परत तपासायच्या का?

सीएचओ_केज
उपकेंद्रात नोंद असलेल्या एका मातेचे आकडे देते. वय २४, दुसऱ्यांदा गरोदर, आधीचं दहाव्या आठवड्यात पडलेलं. थायरॉईडची गोळी पूर्वी कधी नव्हती. ८ व्या आठवड्यात टीएसएच (थायरॉईड ग्रंथी कमी पडली की रक्तात वाढणारं हार्मोन) ५.८, अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी, ४१२ (त्या लॅबची वरची मर्यादा ३४). २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. १२ व्या आठवड्यात टीएसएच ३.१ आला म्हणून डोस तोच ठेवला. आता १७ व्या आठवड्यात ५.२. गोळी चुकत नाही, डबीतल्या गोळ्या मी मोजून पाहिल्या. सकाळी साडेसहाला घेते. १४ व्या आठवड्यापासून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम चालू आहे.

लॅबवाल्यानं घरच्यांच्या डोक्यात भरवलंय की अँटीबॉडी वाढल्या असणार, परत तपासा. तपासायच्या का? दुसरं, दसऱ्यानंतर जोडपं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार आहे. मग रक्त कधी काढायचं?

तिच्या जावेचंही विचारते. ११ आठवडे, टीएसएच १.९, पण टीपीओ पॉझिटिव्ह. तिलाही गोळी द्या म्हणून मागं लागलेत.

औषधवाला_लातूर
ताई, लाल गोळी नेमकी किती वाजता घेते ते आधी विचारा. १२ आठवड्यांपर्यंत उतरलेला टीएसएच १४ व्या आठवड्यानंतर चढला आणि त्याच आठवड्यात लोह-कॅल्शियम सुरू झालं, हा योगायोग वाटत नाही. लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच धरून ठेवतात. गोळी पोटात जाते, रक्तात जात नाही. दोन्हींपासून चार तासांचं अंतर हवं.

सीएचओ_केज
फोन करून विचारलं. तिन्ही गोळ्या साडेसहालाच, चहाबरोबर. म्हणाली, "एकदाच सगळ्या उरकून टाकते, परत ध्यानात राहत नाही."

औषधवाला_लातूर
मग सापडलं. असं बसवून द्या: उठल्या उठल्या, साडेपाचला, थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत. लाल गोळी झोपताना, जेवून दोन तास झाल्यावर, कारण कॅल्शियम लोहालाही आडवं येतं. रात्री नऊला जेवणारं घर असेल तर दुसरं कॅल्शियम संध्याकाळी पाचला काहीतरी खाऊन घ्यायला सांगा. थायरॉईडची डबी चुलीपाशी न ठेवता उशाला ठेवायला लावा, म्हणजे चहाशी जोडीच तुटते.

आपल्या भागात आणखी एक विचारावं लागतं. कणकेत सोयाबीन दळून घालतात का? घालू नका असं नाही, पण सोयाही गोळीचं शोषण कमी करतं. त्यामुळं सकाळची पहिली भाकरी-पोळी गोळीनंतर तासाभरानं.

स्टाफनर्स_घाटी
वेळा बदला, पण फक्त वेळा बदलून चार आठवडे वाट बघत बसू नका. १६ ते २० आठवड्यांपर्यंत थायरॉक्सिनची गरज तशीही वाढत जाते, म्हणजे इथं दोन कारणं एकावर एक आलीत. उपचार चालू असताना टीएसएच २.५ च्या खाली ठेवायचा असतो. माझ्या मते १२ व्या आठवड्यातल्या ३.१ लाच डोस वाढायला हवा होता. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टीएसएच २.५ ते १० असेल तर २५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात सांगितली आहे, ती सुरुवातच आहे, तिथंच थांबायचं नसतं. हे आकडे घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटवा. ५० करायची का ते तेच ठरवतील. वेळ सुधारली आणि डोसही वाढला तर टीएसएच जरा जास्त खाली जाऊ शकतो, म्हणून चार आठवड्यांनी रक्त चुकवायचं नाही. त्या दिवशी नमुना देऊन झाल्यावर गोळी. उपाशी राहायची गरज नाही.

अँटीबॉडी परत तपासण्यात पैसे घालू नका. त्या एकदा पॉझिटिव्ह आल्या की ग्रंथी दमाला कमी पडणार एवढं कळलं, काम झालं. गरोदरपणात त्यांचा आकडा बहुधा आपोआप उतरतो आणि गोळीचा डोस त्यावर ठरत नाही. ४१२ म्हणजे १०० पेक्षा चौपट आजार, असंही नसतं. सेलेनियमच्या गोळ्या कुणी सुचवतात, त्याही नकोत.

जावेला सध्या गोळी नको. २०१९ साली ब्रिटनमधल्या अभ्यासाचा निकाल आला. गर्भपात किंवा वंध्यत्वाचा इतिहास असलेल्या, टीपीओ पॉझिटिव्ह पण थायरॉईड नॉर्मल अशा ९५२ बायकांत निम्म्यांना गर्भ राहण्याआधीपासून ५० मायक्रोग्रॅम दिलं. जिवंत बाळ होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत ३७.४ टक्के, तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीवाल्यांत ३७.९. मात्र तिचा टीएसएच दर चार आठवड्यांनी २० व्या आठवड्यापर्यंत बघा. अडीचच्या वर गेला तर डॉक्टर गोळीचा विचार करतील, चारच्या वर गेला तर गोळी द्यावीच लागते.

आणि रिपोर्टमध्ये एकूण टी३-टी४ (थायरॉईडचे हार्मोन) लाल अक्षरात 'जास्त' आलं तर घाबरू नका. १६ आठवड्यांनंतर ते दीडपट असतंच.

बीड_माताआरोग्य
कोयत्याचं मी सांगतो. तिची रक्ततपासणी कारखान्यावर निघण्याआधी, २१ व्या आठवड्याला येईल. ते करूनच जाऊ द्या. पुढचं साधारण ३० व्या आठवड्याला, म्हणजे ती कारखान्यावर असताना. मधे डोस बदलला तर त्यानंतर चार आठवड्यांनी एक जास्तीचं. माता बाल संरक्षण कार्डावर तारीख, टीएसएच आणि गोळीचे मायक्रोग्रॅम असं तिन्ही लिहा. नुसतं 'थायरॉईडची गोळी चालू' लिहिलं की तिकडचा डॉक्टर पुन्हा २५ पासून सुरू करायलाय. ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व तपासणीत तिला पिवळं स्टिकर लागतं, ते लावून घ्या.

गोळ्या मोजून पुऱ्या द्या, एकाच ब्रँडच्या. ब्रँड बदलला तर टीएसएच पुन्हा बघावा लागतो. डबी मूळचीच राहू द्या, पुडीत बांधून न्यायची नाही. उष्णता, उजेड आणि ओल, तिन्हींनी हे औषध उतरतं. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलं की दुपारी भाजून निघतं आणि माठाच्या बुडाशी ठेवलं की ओल लागते. कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध, सावलीच्या बाजूला ठेवायला सांगा. मीठही बघा, सुट्टं खडे मीठ किंवा उपासाचं सैंधव आयोडीनचं नसतं.

स्टाफनर्स_घाटी
बाळंतपणानंतरचंही आत्ताच लिहून ठेवा, कारण तेव्हा ती माहेरी असेल. गोळी गरोदरपणातच सुरू झालेली आहे, त्यामुळं बंद करायची की कमी, हे डॉक्टर सांगतील आणि सहा आठवड्यांनी टीएसएच. टीपीओ पॉझिटिव्ह बायकांत तिघींपैकी एकीला तरी बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येते. आधी धडधड, घाम, वजन उतरणं. मग काही महिन्यांनी थकवा, केस गळणं, उदासपणा. घरचे त्याला 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून डिंकाचे लाडू देत बसतात. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला टीएसएच करा. पहिल्या टप्प्यात साठलेलं हार्मोन सांडत असतं, नवं जास्त बनत नसतं, म्हणून कार्बिमॅझोल या, हार्मोन बनणं कमी करणाऱ्या गोळीचा तिथं काही उपयोग नाही. थायरॉक्सिन चालू असली तरी अंगावर पाजायला हरकत नाही.

सीएचओ_केज
उद्या तिच्या घरी जाऊन उशाला डबी ठेवून येते. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली.