केंद्रातल्या शाळांची रोबोट स्पर्धा घ्यायचीय, पण हसतखेळत. नियम कसे ठेवावेत?

सेलूचा_मास्तर
नमस्कार मंडळी. झेडपीच्या शाळेवर सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. आमच्या केंद्रातल्या सात-आठ शाळा मिळून लेकरांसाठी एक दिवसाची रोबोट बनवायची स्पर्धा घ्यावी असं चाललंय. बक्षिसाला पैसे नाहीत आणि असते तरी ठेवले नसते. अडचण अशी की शाळा सगळ्या सारख्या नाहीत, एका खासगी शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे (नीती आयोगाची ती २० लाखापर्यंतच्या अनुदानाची योजना), थ्रीडी प्रिंटर बिंटर सगळं, आणि बाकीच्या शाळेत सोल्डरिंग गन पण नाही. वरून विज्ञान प्रदर्शनात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, मॉडेल विकतचं असतं आणि लेकरू बाजूला उभं राहून पाठ केलेलं बोलायलं असतं. ते इथं नको. तर किट एकच द्यावं का, टास्क काय ठेवावा, आणि पहिल्याच फेरीत बाहेर गेलेलं लेकरू दिवसभर काय करणार? कुणी घेतली असेल अशी स्पर्धा तर सांगा.

तार_जोड्या (नांदेड)
सर, घरून काहीच आणू द्यायचं नाही. हा एकच नियम पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात. सकाळी प्रत्येक टीमला सारखा डबा द्या, जागेवर बनवा, दुपारी चालवा. डब्यात आर्डुइनो उनो (रोबोटचा मेंदू, प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटारी चालवणारं सर्किट), दोन पिवळ्या बीओ मोटारी (गिअरवाल्या छोट्या) चाकासकट, पुढं फिरतं चाक, दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर, जंपर वायर (सोल्डर न करता खोचायच्या). स्वस्तातला माल घेतला तर हजाराच्या आसपास एक डबा होतो, आणि संध्याकाळी डबा परत घ्यायचा म्हणजे पुढच्या वर्षी तोच. सोल्डरिंग ठेवूच नका, मोटारीला वायरी आधीच जोडून द्या.

आता खरा घोळ कुठं होतो ते सांगतो, बॅटरीत. दुकानदार ती चौकोनी ९ व्होल्टची गळ्यात मारतो. तिच्यावर ९ लिहिलेलं असलं तरी करंट द्यायची ताकद नसते, दोन मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं, आर्डुइनो रीसेट होतो, मोटारी थांबल्या की व्होल्टेज वर, परत सुरू, परत बंद, रोबोट जागच्या जागी उचकी लागल्यासारखा करतो आणि लेकरं बिचारी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. त्यात एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. म्हणून चार साधे पेन्सिल सेल लावले तरी मोटारीला चारच व्होल्ट पोचतात, गाडी रांगते. १.२ व्होल्टचे रिचार्जेबल पेन्सिल सेल ६ लावा, ७.२ होतात, काम भागतं. १८६५० नंबरचे लिथियम सेल जास्त दमदार आहेत पण शॉर्ट झाले तर आग लागते, आणि सहावीचं पोरगं सेल खिशात चिल्लर सोबत ठेवणार म्हणजे ठेवणारच, मी तरी देणार नाही. बॅटरीचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड (वजा टोक) एकमेकाला जोडायचं सगळे विसरतात, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरं, लाइन फॉलोअर (काळ्या पट्टीवरून चालणारा रोबोट) ठेवणार असाल तर पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दारापाशी नको. उन्हात पण इन्फ्रारेड असतंच, सेन्सरला काळी पट्टी पांढरी दिसायला लागते. खिडक्या लावलेली खोली घ्या. फ्लेक्सची चकचकीत बाजू नको, पांढरा चार्ट पेपर आणि काळी इन्सुलेशन टेप बस झाली, आणि सेन्सरवरचा बारका स्क्रू त्याच खोलीत फिरवून सेट करायला लावा.

ब्लूटूथवर चालवायचं मनात असेल तर सोडून द्या. एचसी-०५ चे (स्वस्तातले ब्लूटूथचे) सगळे मॉड्यूल मोबाईलमध्ये एकाच नावानं दिसतात आणि पिन सगळ्यांची १२३४. एका खोलीत दहा टीम म्हणजे कुणाचा रोबोट कोण चालवायलंय ते देवालाच माहीत 😄

लेकीची_आई_जालना
टेक्निकल मला कळत नाही पण एक बोलते. माझी लेक अशा एका स्पर्धेला गेली होती, टीममध्ये दोन पोरं आणि ही. दिवसभर हिनं काय केलं तर चार्ट रंगवला आणि टीमचं नाव लिहिलं, मोटारीला हात लावू दिला नाही पोरांनी, आणि सरांनी वरून अक्षर छान आहे म्हणून कौतुक केलं. तर सर एवढं करा, परीक्षक टीममधल्या कुणालाही काहीही विचारेल, ही वायर इथं का लावली म्हणून, आणि उत्तर द्यायला टीम लीडर नाही तर परीक्षक बोट दाखवील ते लेकरू. मग बघा कसे शिकवतात एकमेकाला. आणि पालकांना बाहेर बसवा, चहा द्या पण आत नको, मला सुद्धा.

बीडकर_गुरुजी
तारखेचं कुणी बोलंना म्हणून लिहितो. स्पर्धा म्हटलं की सगळे डिसेंबर-जानेवारी धरतात, गॅदरिंगला जोडून. आमच्याकडं तेव्हा वर्गातली कितीतरी लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली असतात, दिवाळीच्या आसपास टोळ्या हलतात ते कारखाने बंद झाल्यावरच परत. तुमच्या भागात कमी असतील पण पटावर बघा एकदा. ऑक्टोबर पण नको, सोयाबीन काढणी असते. सप्टेंबरच घ्या. १५ ला अभियंता दिन आहे, १७ ला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला लेकरं येतातच, त्या दोन-तीन दिवसात बसवा, गणपती कधी आहेत तेवढं बघून.

शंकासुर
मला स्पर्धा हा प्रकारच पटत नाही, लहान लेकरांना हरवून काय मिळतं? नुसतं शिबिर घ्या की. आठ शाळेत एक जिंकणार आणि सात तोंड पाडून घरी जाणार.

तार_जोड्या (नांदेड)
@शंकासुर शिबिरात लेकरं ऐकतात, स्पर्धेत भिडतात, एवढा फरक आहे भाऊ. पण तोंड पाडून कुणी जाऊ नये हे खरं, आणि त्याला उपाय आहे. अमेरिकेत फर्स्ट नावाची संस्था आहे, १९८९ ला डीन केमन यांनी काढलेली. त्यांच्या फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोट स्पर्धेत दोन टीम विरुद्ध दोन टीम असा सामना असतो आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत जोडीदार दर सामन्याला बदलतो, तो पण त्यांनी ठरवलेला. म्हणजे आत्ता जी टीम समोर आहे तीच पुढच्या फेरीत तुमच्या बाजूनं येऊ शकते, मग तिची वायर तुटली तर तुम्हीच पळत जाऊन जोडता. सेलूच्या सरांनी हेच उचलावं. बाद फेरी नकोच, सगळ्यांना सारखेच सामने, शेवटी गुणांची बेरीज. वेळ अडीच-तीन मिनिटं पुरे.

टास्क आपल्याकडचा ठेवा. मी कापूस वेचायचा सुचवणार होतो, बोंडं ढकलत गाडीत न्यायची, पण खरा कापूस चाकाच्या दांड्याला गुंडाळला की मोटार जाम. कागदाचे बोळे वापरा.

आणि जपानमध्ये २०१४ ला हेबोकॉन म्हणून सुरू झालंय, तंत्रज्ञान न येणाऱ्यांची रोबोट कुस्ती, त्यात भारी तंत्रज्ञान वापरलं तर उलट दंड. पाचवी-सहावीच्या लेकरांना तसलं काहीतरी द्या, ब्रशच्या डोक्यावर मोबाईलची व्हायब्रेटर मोटार चिकटवली की थरथरत पळतो. कुणाचाच सरळ जात नाही, हसून हसून पोट दुखतं.

सेलूचा_मास्तर
लई उपयोगाचं सांगितलं सगळ्यांनी. सप्टेंबर पक्का, केंद्रप्रमुखांना उद्याच बोलतो. डबे लॅबवाल्या शाळेकडून मागून बघतो, त्यांच्या सरांनी आढेवेढे घेतले तर गावातल्या लोकांकडून वर्गणी. लेकीच्या आईचा प्रश्न विचारायचा नियम तर पहिल्या नंबरला टाकतो. फक्त एक राहिलं, आमच्या कॉम्प्युटर खोलीत नेट नाही, प्रोग्रॅम कसा टाकायचा?

तार_जोड्या (नांदेड)
नेट लागत नाही सर. आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डात टाकायचं सॉफ्टवेअर, जुनी १.८ आवृत्ती) पेनड्राइव्हवर घेऊन या, आणि स्वस्तातल्या उनोवर यूएसबी जोडणीची सीएच३४० चिप असते तिचा ड्रायव्हर (हे मोटारीचं सर्किट नाही, कॉम्प्युटरवर टाकायचं सॉफ्टवेअर) पण सोबत घ्या, नाहीतर कॉम्प्युटरला बोर्ड दिसतच नाही. आदल्या दिवशी प्रत्येक मशीनवर टाकून बघा. आणि दोन लॅपटॉप फुल चार्ज ठेवा, त्या दिवशी लाइट जाणारच.