बारावी विज्ञानानंतर शिक्षक व्हायचं आहे : बीएस्सी-बीएड, चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम की डीएलएड?

शाळेची_वाट :
धाकटी बहीण यंदा बारावी विज्ञानाला आहे. गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही घेतले आहेत. तिला शाळेतच शिकवायचं आहे, गणित किंवा विज्ञान, आणि त्यावर ती ठाम आहे. पण घरात तीन मतं पडली आहेत. एक म्हणतो डीएलएड कर, दोन वर्षांत मोकळी होशील. दुसरा म्हणतो बीएस्सी आणि मग बीएड, जुना आणि खात्रीचा मार्ग. तिसऱ्याने कुठेतरी चार वर्षांच्या आयटीईपीबद्दल (पदवी आणि बीएड एकत्र) ऐकलं आहे. नोकरी शक्यतो महाराष्ट्रातच हवी, पण केंद्रीय विद्यालयाची वाटही बंद होऊ नये. निवड करताना नेमकं काय बघायचं? नंतर लक्षात येऊन पस्तावायची वेळ येते अशा चुका कोणत्या?

फळा_आणि_खडू :
पदवीपासून विचार सुरू करू नका, इयत्तेपासून करा. पात्रता इयत्तेप्रमाणे ठरते आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पहिली ते पाचवीसाठी डीएलएड (पूर्वीचं डीएड) आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी, तिच्यासोबत डीएलएड किंवा बीएड, आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला पदवी आणि बीएड. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बीएड. टीईटीची सक्ती एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेपासून आहे आणि ती पहिली ते आठवीपुरती आहे.

आता वर्षं मोजा. डीएलएड दोन वर्षांत होतं, पण एवढ्यावर फक्त पाचवीपर्यंत शिकवता येतं. तीन वर्षांची बीएस्सी आणि बीएड मिळून पाच वर्षं. आयटीईपीला चार. अकरावी-बारावीचं ध्येय असेल तर बीएस्सी, एमएस्सी, बीएड मिळून सात.

तिला 'गणित किंवा विज्ञान' शिकवायचं आहे, म्हणजे सहावी ते दहावी हाच तिचा पट्टा दिसतो. कारण पाचवीपर्यंत एकच शिक्षक बहुतेक सगळे विषय शिकवतो. तिथे भाषा आणि परिसर अभ्यास मनापासून शिकवायची तयारी लागते. तशी आवड असेल तर डीएलएड हा उत्तम मार्ग आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, खुल्या गटाला किमान ४९.५ टक्के आणि राखीव गटाला ४४.५ टक्के लागतात. पण 'लवकर मोकळी होशील' एवढ्याच कारणासाठी तो घेऊ नये.

विषयनिवड :
वरचं सगळं बरोबर. पण सगळ्यात महाग पडणारी चूक बीएडच्या आधीच होते. बीएस्सीचे विषय निवडताना.

केंद्रीय विद्यालयाच्या पदवीधर शिक्षकपदाचे नियम बघा. गणितासाठी पदवीला गणित हवं आणि त्यासोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी कोणतेही दोन. विज्ञानासाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. म्हणजे भौतिक-रसायन-गणित घेऊन बीएस्सी झालेली व्यक्ती तिथे 'विज्ञान' शिक्षक होत नाही, 'गणित' शिक्षक होते. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीवर अर्ज भरायला बसल्यावर हा नियम कळतो, तोवर तीन वर्षं गेलेली असतात. त्याशिवाय पदवीला ५० टक्के आणि सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या टीईटीचा, पेपर दोन लागतो.

बारावीला तिच्याकडे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत, म्हणून अजून दोन्ही दारं उघडी आहेत. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी त्यातलं एक बंद होईल. तेव्हा 'गणित किंवा विज्ञान' यातला 'किंवा' तिने आत्ताच सोडवावा.

कला शाखेतून येणाऱ्यांसाठीही लिहून ठेवतो. सामाजिक शास्त्रासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय हवेत आणि त्यांतला एक इतिहास किंवा भूगोल असावाच लागतो. मानसशास्त्र-समाजशास्त्र घेऊन बीए केलेले अनेक जण इथे अडकतात.

आणखी एक नवी अडचण आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला आता एक मुख्य विषय आणि एक दुय्यम विषय अशी रचना आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. भरतीचे नियम मात्र 'हे विषय पदवीच्या सगळ्या वर्षांना हवेत' अशा जुन्या भाषेत बोलतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाकडून सगळ्या सत्रांचा विषयतक्ता मागा. दुसरा आणि तिसरा विषय कोणत्या सत्रापर्यंत चालतो आणि गुणपत्रिकेवर कोणत्या नावाने छापला जातो, ते बघा. 'गणित' आणि 'उपयोजित गणित' या दोन नावांवरूनही कागदपत्र तपासणीत तासन्‌तास वाद होतात.

सत्र_आठवे :
आयटीईपीबद्दल. ऑक्टोबर २०२१ मध्ये अधिसूचना निघाली, २०२३-२४ पासून निवडक संस्थांत सुरुवात झाली. आठ सत्रं, आणि बीए-बीएड, बीएस्सी-बीएड, बीकॉम-बीएड अशा शाखा. प्रवेश एनसीईटी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. तीन तासांत १६० प्रश्न सोडवायचे असतात : दोन भाषा प्रत्येकी २०, तीन विषय प्रत्येकी २५, सामान्य चाचणी २५ आणि अध्यापन अभियोग्यता २०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. १३ माध्यमांत मराठीही आहे.

चूक कुठे होते? एक तर हे तीन विषय. अर्ज भरताना निवडलेले विषय त्या संस्थेतल्या शाखेच्या अटीशी जुळले नाहीत, तर गुण चांगले असूनही जागा मिळत नाही. आधी संस्थेचं पत्रक वाचायचं, मग विषय भरायचे. दुसरं म्हणजे टप्पा. हा अभ्यासक्रम पायाभूत, पूर्वतयारी, मध्य आणि माध्यमिक अशा टप्प्यांसाठी असतो. तिने मध्य किंवा माध्यमिक टप्पा असलेली संस्थाच बघावी.

महाराष्ट्र ज्या विभागात येतो ती एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. तिचा विचार जरूर करा. अशा संस्थेला लागूनच स्वतःची प्रात्यक्षिक शाळा असते, त्यामुळे वर्गात शिरायला चौथ्या वर्षाची वाट बघावी लागत नाही. माझं स्पष्ट मत : ठाम असलेल्या मुलीसाठी आयटीईपी पहिला पर्याय आणि बीएस्सी दुसरा. डळमळीत असलेल्यासाठी नेमकं उलट, कारण बीएस्सीनंतर इतर वाटा मोकळ्या राहतात.

शाळेची_वाट :
खूप उपयोग झाला. एक शंका. बीएड झालं की पाचवीपर्यंतही चालतं ना? सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा, असं एका क्लासवाल्याने सांगितलं.

फळा_आणि_खडू :
नाही, आता चालत नाही. एनसीटीईच्या २०१८ च्या अधिसूचनेने तशी मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ती मोडीत काढली. त्या तारखेआधी नेमणूक झालेल्यांना संरक्षण मिळालं आणि ब्रिज कोर्स त्यांच्यासाठी आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी तो मागचा दरवाजा नाही. जो क्लास असं सांगून पैसे घेतो, त्याच्यापासून लांब राहा.

उलट बाजूने मात्र वाट आहे. नियमित डीएलएड केलेल्याने पुढे पदवी घेतली, तर पेपर एक आणि पेपर दोन दोन्ही देऊन पहिली ते आठवी पूर्ण पट्टा मिळतो. आणि एनसीटीईच्या नियमांप्रमाणे दूरशिक्षणातून बीएड करायची मुभाही अशाच आधी प्रशिक्षण घेतलेल्यांना आहे. नुसत्या पदवीधराला 'घरबसल्या बीएड' विकणाऱ्या जाहिराती खोट्या असतात.

सराव_पाठ :
बीएडच्या आत काय असतं, तेही कळलेलं बरं. २०१५ पासून तो दोन वर्षांचा आहे. शाळेत किमान २० आठवडे काढावे लागतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. तासिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला (शाळेतल्या या आठवड्यांना) ९० टक्के उपस्थिती सक्तीची आहे. 'नोकरी करत करत बीएड' हे नियमाप्रमाणे बसत नाही. 'उपस्थितीचं बघून घेऊ' म्हणणारं महाविद्यालय मुलीचं नुकसानच करतं.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. पाच ते दहा जणांपुढे एकाच कौशल्याचा ६ मिनिटांचा पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ मिनिटं पुनर्नियोजन, परत ६ मिनिटांचा पाठ आणि ६ मिनिटं प्रत्याभरण. ३६ मिनिटांचं एक चक्र. विज्ञान पदवीधर इथे हमखास घाईत असतात. उदाहरण घ्या. मुलाने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. नवखा छात्राध्यापक 'चूक' म्हणतो, छेद समान करायची रीत परत सांगतो आणि 'समजलं का?' विचारतो. सगळा वर्ग 'हो' म्हणतो आणि चूक तशीच राहते. त्याऐवजी विचारावं : अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर भाकरी वाढेल की कमी होईल? मग २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? उत्तर आपलंच आपल्याला खोटं पाडतंय हे मुलाला दिसलं, की छेद समान करायची गरज त्याची स्वतःची होते. कौशल्य या दोन प्रश्नांत आहे. पाठाच्या टाचणात असे प्रश्न शब्दशः लिहायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्यायला हवी.

राज्यातल्या बीएड सीईटीला १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात : बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयासाठी ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणी वेगळी द्यावी लागते. ती न दिल्याने माध्यम हुकलेले दरवर्षी दिसतात.

पवित्र_यादी :
टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. नावामुळे लोक गोंधळतात. टीईटी ही पात्रता : १५० प्रश्न, १५० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी : २०० प्रश्न, १२० मिनिटं. तिला उत्तीर्णतेची रेषा नाही, पण राज्याच्या शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर निवडीचा क्रम तिच्याच गुणांवर लागतो. ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली, दरवर्षी होत नाही. म्हणून जाहिरात आली की ती चुकवू नये. पोर्टलवरच्या स्वप्रमाणपत्रात विषय, माध्यम किंवा टक्केवारी चुकली, तर वरच्या गुणांचा उमेदवारही यादीबाहेर जातो.

निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये. घरचं नियोजन हा आकडा धरून करा.

विशेष_शिक्षण :
अजून कोणी लिहिलं नाही म्हणून. दिव्यांग मुलांना शिकवायची ओढ असेल, तर विशेष शिक्षणातलं बीएड किंवा डीएड बघा. तिथे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आणि पुढे स्वतःची नोंदणी लागते. मुंबईत वांद्र्याला श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

एक नाव मात्र फसवं आहे : 'एमए शिक्षणशास्त्र'. तो अभ्यासविषय आहे, अध्यापनाचं प्रशिक्षण नाही. त्यावर शाळेत शिक्षक होता येत नाही.

विषयनिवड :
प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी संस्थेचा एनसीटीई मान्यता आदेश मागून घ्या. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, प्रवेशक्षमता (५० चं एक युनिट) आणि कोणत्या सत्रापासून मान्यता आहे हे लिहिलेलं असतं. जुन्या चार वर्षांच्या बीएस्सी-बीएडला आयटीईपीत रूपांतर करायला सांगितलेलं आहे, त्यामुळे 'एकत्रित बीएड' एवढं ऐकून थांबू नका. आदेशात 'आयटीईपी' हा शब्द शोधा. चार वर्षांच्या पदवीनंतर करायच्या एक वर्षाच्या बीएडचा मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला होता. मसुद्याच्या भरवशावर चार वर्षांची पदवी निवडू नका.

शाळेची_वाट :
तिच्याशी बोललो. तिने गणित निवडलं. एनसीईटीचा अर्ज भरतोय, आणि बीएस्सीसाठी दोन महाविद्यालयांकडे सगळ्या सत्रांचा विषयतक्ता मागितला आहे. मिळाला की इथेच टाकतो, नजरेखालून घाला.