बाळाचा बाप घरी राहिला तर बिघडलं कुठे?

झबलं_टोपडं: मुलगी नऊ आठवड्यांची आहे. बायको दंतवैद्य, दवाखाना स्वतःचा. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते ती नोकरदार आईला. हिला कोण देणार? जागेचं भाडं आणि मशीनचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून सातव्या आठवड्यात ती कामावर गेली आणि मी नोकरी सोडली.

'घरी बसलाय' म्हणतात लोक. बसायला मिळालं तर ना! काढून ठेवलेल्या दुधाची बाटली फ्रीजमधून काढा, गरम पाण्याच्या भांड्यात धरा, वर जमलेली साय हलक्या हाताने फिरवून मिसळा, मनगटावर थेंब टाकून बघा. तोवर कार्टी घर डोक्यावर घेते. पाजलं की खांद्यावर टाकून येरझारा. ढेकर येतो तो शर्टावर ओघळ घेऊनच.

दीड महिन्याच्या लशीला तर हिला वेळ काढून यावंच लागलं. एकट्या बापाला नर्स तीनदा विचारते, "बाळाची आई कुठंय?" एसटी स्टँडवर हिरकणी कक्षात, म्हणजे आयांच्या पाजायच्या खोलीत, मला जाता येत नाही (बरोबरच आहे ते), मग लंगोट बदलायचा कुठे? बाकावर, शंभर डोळ्यांदेखत.

सासरे म्हणतात बाळाला आई हवी, बापाने कमवावं. मला पटत नाही. तुमचं काय मत?

मिरजेची_आजी: बाबा रे, तुझी माया कळते. पण पहिले तीन महिने बाळाला आईचा वास लागतो. बाळंतिणीचा सव्वा महिना झाला नाही तोच ती खुर्चीपाशी उभी राहिली? कंबर पुढे बोलते हो. आणि गुटी देतोस का?

झबलं_टोपडं: आजी, कंबरेचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गुटी मात्र नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

पोटापुरता: भावना वगैरे ठीक, हिशेब बोला. वर्षभराने मुलाखतीत 'मूल सांभाळत होतो' म्हणालात की समोरचा हसून पुढचा माणूस बोलावणार. पाळणाघर, आजी, बाई, काहीतरी जमलं असतं. एका पगारावर घर म्हणजे तारेवरची कसरत.

दोन_लेकरांची_आई: पोटापुरता, हेच बायकांना सांगायला कधी आलात का? आमच्या गॅपवर तर सगळे न विचारताच हसतात. आणि झबलंराव, रागावू नका, पण मी हेच दोनदा केलं तेव्हा धागा नाही निघाला. शर्टावरच्या ओघळाचं कौतुकही नाही झालं. रात्री तीनला कोण उठतं ते सांगा, मग बोलू.

झबलं_टोपडं: रात्री तीनला तीच. अंगावर पाजते. मी नंतरचा ढेकर आणि लंगोट. तुमचा टोला लागला.

केंद्राचा_कारकून: आम्हा केंद्र सरकारी नोकरांना १५ दिवस पितृत्व रजा आहे, बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत घ्यावी लागते. मी घेतली होती. त्यातले चार दिवस बारशाच्या केटररमागे फिरण्यात गेले. खासगीत तेवढीही सक्ती नाही, कंपनीच्या मर्जीवर. त्यामुळे 'बापाला जमत नाही' म्हणायच्या आधी त्याला शिकायला दिवस किती मिळतात ते बघा. तरी नोकरी सोडणं मला जास्तच वाटतं. बिनपगारी रजा मागितली होती का?

झबलं_टोपडं: मागितली. दोन महिने देतो म्हणाले, पण लॅपटॉप चालू ठेवायचा.

मिरजेची_आजी: गुटीचं राहू दे. मालिशवाली तरी येते ना?

झबलं_टोपडं: यायची. घरात बाईमाणूस नसेल तर येणार नाही म्हणाली. तिचंही चुकलं नाही. आता मीच पाय पसरून घेतो लेकीला, खोबरेल लावतो.

मिरजेची_आजी: टाळूला फक्त बोट फिरव. दाबू नकोस.