मांजर की कुत्रा: चपळ कोण आणि हुशार कोण?

वेताळटेकडी

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, विज्ञान प्रकल्पासाठी तिने 'कुत्रा हुशार की मांजर' हा विषय घेतलाय. शेजाऱ्यांची लॅब्रॅडॉर (लॅब) कुत्री आणि आमच्या जिन्यात राहणारी, जेवायला मात्र आमच्याकडे येणारी मांजर, अशा दोघींची तिने परीक्षा घेतली. स्टीलच्या वाटीखाली उकडलेल्या चिकनचा तुकडा. लॅबने वाटी हुंगली, पंजा मारला आणि शेपूट हलवत मुलीकडे बघत बसली. मुलीने वाटीकडे बोट दाखवलं तशी परत गेली आणि नाकाने वाटी उलटवून तुकडा खाल्ला. मांजरीने वाटीभोवती एक चक्कर मारली, हुंगलं आणि सरळ निघून गेली. वहीत निष्कर्ष लिहिला गेला: कुत्रा हुशार, मांजर मठ्ठ. चपळाईचे गुण मात्र मांजरीला, कारण ती पार्किंगच्या भिंतीवरून थेट पत्र्यावर उडी मारते.

बायको म्हणते, एका वाटीवरून असं ठरवू नये. मी वाचलं की कुत्र्याच्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, सुमारे ५३ कोटी चेतापेशी असतात आणि मांजराच्या २५ कोटी. मग प्रश्न तिथेच मिटला ना? ज्यांनी दोन्ही पाळलेत त्यांनी सांगावं. शिवाय मुलीला दोघांपैकी एक घरी हवंय, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

मांगरवाली

मुलीने नुसतं वाचून न लिहिता वाटी मांडली, हे फार छान केलं. पण 'मठ्ठ' हा शब्द तिला वहीतून खोडायला सांगा.

आमचं घर कुडाळजवळ, कौलारू, मागे मांगर. घरात कुत्रा-मांजर कायम. सध्या खंड्या हा गावठी कुत्रा आणि ठकी ही तिरंगी मांजर. कोठीच्या खोलीच्या दाराला लाकडी खिटी आहे, ती खाली फिरली की दार सुटतं. आत सुकटीचा डबा. एकदा दारावर झेप घेताना ठकीचा पंजा खिटीला लागला आणि दार किलकिलं झालं. त्यानंतर ती दाराला सगळीकडून भिडायची. खालच्या फटीत पंजा घाल, बिजागरीकडे ओरबाड, मध्येच खिटीशी झटापट. होता होता बाकीचं सगळं गळून गेलं आणि एकच हालचाल उरली: मागच्या पायांवर उभं राहायचं, डावा पंजा खिटीच्या टोकावर टाकायचा आणि अंगाचा भार खाली सोडायचा. मी समोर तांदूळ निवडत बसलेली असले तरी ती माझ्याकडे ढुंकून बघत नाही.

सुकटीचा वास खंड्याला काही कमी येत नाही. तो दाराशी जातो, नाकाने एकदा ढकलतो आणि वळून माझ्याकडे बघतो. मग दाराकडे. परत माझ्याकडे. मी उठेपर्यंत हेच. आणि खरं सांगायचं तर मी उठते, म्हणजे त्याचंही काम होतंच.

अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली नेमकं असंच काही मांडलं होतं. भुकेल्या मांजरांना तो फळ्यांच्या पेटीत ठेवायचा, दोरी ओढली किंवा खिटी दाबली की दार उघडायचं, बाहेर खाणं. प्रत्येक खेपेला बाहेर पडायला लागणारा वेळ हळूहळू कमी होत गेला. मांजराला एकदम युक्ती सुचत नाही, ते चुकतमाकत शिकतं, असं त्याने त्यावरून म्हटलं. ठकीला पाहून मला ते पटतं. पण चुकतमाकत शिकलेलं ती विसरत नाही, हेही त्याच्या जोडीला लिहायला हवं.

तुमच्या वाटीच्या जवळ जाणारा प्रयोग हंगेरीतल्या आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. माणसाने बोट दाखवलं तर खाणं कुठे आहे हे कुत्र्यांनीही ओळखलं आणि मांजरांनीही. पुढे खाणं असं ठेवलं की काही केल्या मिळणारच नाही. तिथे कुत्री माणसाकडे वळून बघू लागली, मांजरं माणसाकडे फार कमी बघत होती. तुमच्या लॅबने केलं ते हेच. तिने मदत मागितली आणि मुलीने बोट दाखवून ती दिली. मग मांजरीला बोट दाखवलं होतं का? नसेल तर दोघींचा पेपर सारखा नव्हता.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्याकडे बघतो तो प्राणी आपल्याला हुशार वाटतो. लांडगे कळपाने शिकार करतात, त्यामुळे दुसऱ्याकडे लक्ष ठेवणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. मांजराचा पूर्वज आफ्रिकेतलं रानमांजर, ते एकट्याने दबा धरतं. त्याने मदत मागायची कुणाकडे?

पेशींचं म्हणाल तर तुमचे आकडे बरोबर आहेत, २०१७ मधल्या अभ्यासातले. पण त्याच अभ्यासात तपकिरी अस्वलही होतं. त्याच्या कॉर्टेक्समध्ये पेशी साधारण मांजराइतक्याच निघाल्या, कॉर्टेक्स मात्र दसपट मोठा. नुसता मेंदूचा आकार धरला असता तर अस्वल मांजराच्या कितीतरी पुढे बसलं असतं. आकाराने सगळं कळत नाही, तसं पेशींच्या संख्येनेही सगळं कळतं असं मी म्हणणार नाही.

नायगाव_लाईन

मांगरवाली ताई, मांजरीचं मान्य. पण कुत्रा फक्त माणसाच्या तोंडाकडे बघतो असं वाचणाऱ्याला वाटू नये. माझं बालपण पोलीस लाईनीत गेलं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं शोधून दिली. तो २००० साली गेला. लाईनीतली म्हातारी माणसं अजून त्याचं नाव माणसाचं घ्यावं तसं घेतात.

हे नुसत्या नाकाचं काम नाही. बाजाराच्या गर्दीत मासळीपासून पेट्रोलपर्यंत शेकडो वास असतात. त्यातून एकच धरायचा, सापडला की न भुंकता, न ओरबाडता खाली बसून हँडलरला, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाला, कळवायचं. पंजा मारला तर काय होईल विचार करा. इतका संयम शिकवता येतो, हीच मला बुद्धी वाटते. शब्दांचंही तेच. अमेरिकेतल्या चेसर या बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीला तिच्या मालकाने, जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी, १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. नाव घेतलं की ढिगातून तेच खेळणं.

चपळाईतही कुत्र्याला शून्य देऊ नका. ग्रेहाउंड ताशी ७० किलोमीटरच्या आसपास पळतो, मांजर जेमतेम ५० च्या जवळ जातं आणि तेही क्षणभर. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत कुत्री बर्फावरून गाडी ओढत सुमारे १,६०० किलोमीटर जातात. दमाचा प्रश्न आला की मांजर त्यात नाहीच.

पशुवैद्य_सांगली

चौथा मजला वाचला म्हणून लिहितोय, कारण मांजर उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही, या गैरसमजाने जीव जातात.

मांजर पडताना हवेत वळून पायांवर येतं हे खरं. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये त्याची एकामागोमाग एक छायाचित्रं काढली, तेव्हा दिसलं की आधार नसताना मांजर अंगाचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा पिळतं. कानातला तोल सांभाळणारा अवयव 'वर' कुठे ते सांगतो, आधी डोकं वळतं, मग पुढचे पाय, मग कंबर. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की हे सुरू होतं, सहा-सात आठवड्यांत पक्कं होतं. गंमत अशी की पाठीचे १३ आणि कमरेचे ७ मणके, ही संख्या कुत्र्यातही तीच. फरक लवचिकतेत आहे. मांजराचं गळपट्टीचं हाड दुसऱ्या हाडाला जोडलेलंच नसतं, म्हणून डोकं शिरलं की खांदेही शिरतात.

पण पायांवर पडणं म्हणजे सुखरूप पडणं नव्हे. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जगली. लोक हा आकडा सांगून निर्धास्त होतात. रुग्णालयात न पोचलेली, जागीच मेलेली मांजरं त्यात नाहीत, आणि जगलेल्यांत छातीला मार, फाटलेली टाळू, मोडलेले पाय सर्रास होते. माझ्या टेबलावरही तेच येतं. मांजर आणणार असाल तर आधी गॅलरीला आणि खिडक्यांना तारेची बारीक जाळी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी पुरत नाही, मांजर ती कुरतडतं.

वेताळटेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सगळं वाचून दाखवलं. मांजरीला बोट दाखवलं नव्हतं, हे तिने स्वतःच सांगितलं. जाळीवाल्याला उद्याच बोलावतो. झंजीरची माहिती तिने वहीत उतरवून घेतली. मांगरवाली ताई, प्रयोग पुन्हा करायचा तर कसा करावा?

मांगरवाली

दादा, स्टीलची वाटी आधी बाद करा. लादीवर सरकली की खण्ण आवाज होतो, जिन्यातली मांजर त्यानेच बिचकते. प्लास्टिकची हलकी घ्या. लॅबला स्टीलची वाटी म्हणजे नाकाचा एक धक्का, मांजरीच्या वजनाच्या मानाने जड असते.

वेळ मांजरीच्या जेवणाची, जागा तिच्या रोजच्या बशीची. पहिले काही दिवस वाटी अर्धी तिरकी ठेवून तुकडा दिसू द्या, मग पूर्ण झाका. माणसांनी खोलीबाहेर जायचं, मोबाइल टेकवून चित्रण करायचं. लॅबलाही तसंच एकटं सोडा, म्हणजे मदतीशिवाय ती काय करते ते कळेल. मग दुसरी फेरी दोघींना बोट दाखवून. वेळ सेकंदांत लिहा, निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

आणखी एक, मुलीला आवडेल असं. जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवलं की मांजरं स्वतःचं नाव तशाच लांबीच्या इतर शब्दांतून ओळखतात. ती उठून आली नाहीत तरी कान आणि डोकं हलतं. मुलीने पाठमोऱ्या मांजरीला सारख्या सुरात चार भलते शब्द म्हणावेत, मग तिचं नाव. शेपटीकडे न बघता कानांकडे बघायचं. जिन्यातल्या मांजरीला नाव ठेवलेलं नसेल तर ते आजच ठेवा आणि जेवायला बोलावताना रोज तेच वापरा.